ही झाकली मूठ उघडा

"तिला सांगू नका."

डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभे राहून आपल्या मराठी घरांतली माणसे जी वाक्ये कुजबुजतात, त्यांत ह्या तीन शब्दांइतके प्रेमळ वाक्य नाही आणि ह्या तीन शब्दांइतके घातक वाक्यही नाही. ते मुलगा म्हणतो, नवरा म्हणतो, दीर म्हणतो, कधीकधी लेकही म्हणते. दुष्टपणाने कोणीच म्हणत नाही. बाईने आयुष्यभर घरासाठी खस्ता काढल्या, आता तिच्या जिवाला घोर नको, एवढाच त्यामागचा हेतू असतो. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती परिणामाबद्दल. आणि तो परिणाम मी चौतीस वर्षे माझ्या टेबलावर पाहिला आहे.

मी रोग्याची नाडी पाहणारी डॉक्टर नव्हे. मी पॅथॉलॉजिस्ट. शल्यवैद्य रोग्याच्या अंगातून मोहरीएवढा तुकडा काढतात, तो आमच्याकडे येतो, त्याचे पातळ काप करून रंगवून आम्ही ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि रोगाचे नाव लिहून देतो. रोग्याचा चेहरा आमच्या वाट्याला क्वचितच येतो. येते ती तुकड्याबरोबरची दोन ओळींची चिठ्ठी. त्या चिठ्ठीत काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, यावर पुष्कळदा एका बाईचे पुढचे आयुष्य ठरते.

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे की, वर्षातून हेच चार दिवस असे असतात की लेक सासरहून येते, मुलगा नोकरीच्या गावाहून येतो, आजी, आत्या, मावशी एका छपराखाली असतात आणि एकच अंक घरातल्या दहा हातांतून फिरतो. ज्या गोष्टी सगळ्या घराने मिळून ऐकायला हव्यात, त्या सांगायला ह्याहून चांगला मुहूर्त मला ठाऊक नाही.

स्तनाचा कॅन्सर आता आपल्या देशात स्त्रियांना सर्वांत जास्त होणारा कॅन्सर आहे. २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रोगी आणि सुमारे ९८ हजार मृत्यू, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा भारताविषयीचा अंदाज आहे. (शंभरातला एखादा रोगी पुरुषही असतो, तेव्हा बुवांनी हे पान उलटू नये.) हा रोग पसरला तर हाडांत, फुप्फुसांत, यकृतात आणि मेंदूत जातो, हे आता सुशिक्षित घरांतून बहुतेकांना माहीत असते. पण तो ह्या चार गावांना जाऊनच थांबतो असे नाही. तो अशा ठिकाणी जातो की जिथे त्याची कोणी कल्पनाही करत नाही. आणि तिथे गेल्यावर तो दुसऱ्याच कोणाचे तरी नाव सांगतो.

उदाहरणे देते. एका बाईला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते, डोळ्यापुढे ठिणग्या चमकतात. ती चष्म्याचा नंबर तपासायला जाते. डोळ्याच्या आतल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यात दुसरीकडून येणारा कॅन्सर स्त्रियांमध्ये बहुधा स्तनातूनच आलेला असतो. दुसऱ्या एकीचा डोळा हळूहळू खोल जातो. खोबणीत गाठ झाली तर डोळा बाहेर यावा, हे कोणालाही सुचेल. पण स्तनाच्या काही कॅन्सरांची जात आकसण्याची असते. ते आजूबाजूचे सारे आत ओढून घेतात, आणि डोळा बाहेर येण्याऐवजी आत जातो. तिसरीच्या खालच्या ओठाला आणि हनुवटीला एका बाजूने मुंग्या येतात, मग ती जागा बधिर होते. दुखत नाही, सूज नाही. ती दाताच्या डॉक्टरकडे जाते. दात चांगले असताना अशी बधिर हनुवटी ही जबड्याच्या हाडात किंवा तिथल्या मज्जातंतूत शिरलेल्या कॅन्सरची खूण असू शकते, आणि त्या यादीत स्तनाचा कॅन्सर वर आहे. चौथीला रात्रंदिवस तहान लागते, घागरभर पाणी पिते, तितकीच लघवी होते. साखर तपासावी तर अगदी ठीक. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिच्या मागच्या भागात रोगाने घर केलेले असते. पाचवीच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडते आणि ती तेल बदलत बसते. सहावीच्या छातीवरची कातडी टणक होत जाते. एकोणिसाव्या शतकातल्या व्हेल्पो नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याला ती पाहून घोडेस्वाराचे चिलखत आठवले, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तेच नाव राहिले. आणि सातवीची भूक मरते, दोन घासांत पोट भरते, वजन उतरते. तिला सगळे पोटाची रोगी म्हणतात.

ह्या सातही जणींत एक गोष्ट समान आहे. स्तनातून निघालेली पेशी डोळ्यात जावो, जबड्यात जावो की जठरात जावो, ती स्तनाचीच पेशी राहते. मुलगी सासरी गेली, आडनाव बदलले, म्हणून तिचे रक्त काही बदलत नाही, तसेच हे. जठरात जाऊन बसलेला स्तनाचा कॅन्सर हा जठराचा कॅन्सर नव्हे. त्याला औषध द्यायचे ते स्तनाच्या कॅन्सरचे. हे एवढे वाक्य ज्याला नीट समजले, त्याला माझे पुढचे सारे म्हणणे समजेल.

ही पेशी नेमक्या त्याच जागी का जाते, हा प्रश्न जुना आहे. लंडनचा शल्यवैद्य स्टीफन पॅजेट याने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. रक्ताने वाहून नेलेली पेशी वाटेल तिथे पडत असती, तर यकृत आणि प्लीहा ह्या दोघांच्या वाट्याला ती तुलनेने सारखीच यायला हवी होती. पण २४१ जणींच्या यकृतात रोग होता आणि प्लीहेत अवघ्या १७ जणींच्या. पॅजेटने म्हटले की बी चहूकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या मातीतच. आमच्या शेतकऱ्याला हे सांगायला लंडनचा डॉक्टर लागत नाही. पुढे १९२८ साली अमेरिकेच्या जेम्स युइंगने उलट मत मांडले, की हे सारे रक्ताच्या वाहण्याच्या वाटांवर अवलंबून आहे. आज आपण जाणतो की दोघांच्याही पदरात सत्याचा वाटा होता: वाटही लागते आणि मातीही लागते.

बियाचीही जात असते. स्तनाच्या कॅन्सरांपैकी शंभरात दहा ते पंधरा कॅन्सर 'लोब्युलर' जातीचे असतात. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे एक डिंकासारखे प्रथिन असते, ते ह्या जातीत बहुधा नाहीसे झालेले असते. त्यामुळे ह्या पेशी गोळा करून बसत नाहीत. रेशनच्या रांगेसारख्या एकामागे एक उभ्या राहून निमूटपणे आत घुसतात. गाठ हाताला लवकर लागत नाही, फोटोतही नीट दिसत नाही. आणि पसरताना हीच जात जठर, आतडी, पोटाचे आवरण, बीजकोश, गर्भाशय अशा ठिकाणी जाण्याची जास्त शक्यता असते. जठरात गेली तर त्याची सारी भिंत ताठ करून टाकते आणि जठर चामड्याच्या पखालीसारखे होते. हुबेहूब असेच चित्र जठराच्या स्वतःच्या एका कॅन्सरातही दिसते. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. वरवरचा तुकडा काढला तर रोग त्याच्याखालच्या थरात दडलेला असल्यामुळे तुकड्यात कधीकधी काही सापडतही नाही. आणि सापडला तरी, साध्या रंगाने रंगवलेल्या काचेवर दोन्ही रोगांच्या पेशी अंगठीतल्या खड्यासारख्या सारख्याच दिसू शकतात.

अशा वेळी तिढा सोडवणारी एकच गोष्ट असते: हिला पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता, हे कोणीतरी सांगणे. सांगितले की आम्ही तोच तुकडा दोन-तीन खास रंगांनी रंगवतो, त्यातून स्तनाचे कूळ ओळखता येते, आणि जुन्या गाठीच्या काचा मागवून शेजारी ठेवून पाहतो. न सांगितले तर? तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

असा एक प्रसंग माझ्याच टेबलावर आला. चिठ्ठीत लिहिले होते, वय साठ, भूक नाही, तीन महिन्यांत वजन उतरले. बस्स. काच पाहिली आणि ती रांगेतली पेशी मला खटकली. शल्यवैद्यांना फोन करून विचारले, हिला पूर्वी काही झाले होते काय? ते म्हणाले, "एकदा छातीचे ऑपरेशन झाले, असे बाई म्हणाल्या खऱ्या. हृदयाचे असेल." दुसऱ्या दिवशी मुलगा आला, दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाला, अकरा वर्षांपूर्वी आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता. स्तन राखून गाठ काढली होती, मग शेक दिला होता, मग पाच वर्षे गोळ्या. आईला सांगितले होते की गाठ साधी आहे, शेक खबरदारीचा आहे आणि गोळ्या ताकदीच्या आहेत. जुनी फाइल कपाटात कुलपाखाली होती. जठर काढून टाकण्याच्या ऑपरेशनचा दिवस ठरलेला होता! रंग चढवले, जुन्या काचा मागवल्या, आणि रोग स्तनाचाच निघाला. ऑपरेशन रद्द झाले. संप्रेरकांचा परिणाम थोपवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. बाई त्यानंतर चार वर्षांहून अधिक जगल्या, आणि त्यांतली बरीचशी स्वतःच्या स्वयंपाकघरात.

त्या बाई पुढे एकदा स्वतः माझ्याकडे आल्या होत्या. मी विचारले, तुम्हांला खरोखरच ठाऊक नव्हते? त्या म्हणाल्या, "शेकाच्या रांगेत बाकावर बसलेल्या बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुमचा कुठला? तेव्हाच कळलं. पण मुलाला वाटत होतं मला कळू नये, म्हणून मी कळलं नाही असं दाखवलं." अकरा वर्षे मुलगा आईपासून लपवत होता आणि आई मुलापासून लपवत होती. दोघांनी एकमेकांवर केलेल्या ह्या मायेची किंमत एका चांगल्या जठराने भरायची वेळ आली होती.

झाकली मूठ सव्वालाखाची, ही म्हण आम्ही फार जपून ठेवली आहे. लग्नाच्या याद्यांत ती चालत असेल. रोगाच्या बाबतीत झाकल्या मुठीत सव्वा लाख नसतात. असतो तो निखारा, आणि भाजतो तो हात त्या बाईचाच असतो.

आता आमच्या भाषेची गोष्ट. 'स्तन' हा शब्द उच्चारायला आमची जीभ अडखळते. आम्ही म्हणतो 'छाती'. 'छातीचा आजार', 'छातीची गाठ', 'छातीचे ऑपरेशन'. हा शब्द सभ्य आहे यात शंका नाही. पण डॉक्टरला छाती म्हटले की हृदय आठवते, फुप्फुस आठवते, जुना क्षय आठवतो. 'अंगावरची गाठ' म्हटले तर ती पाठीवरची असेल, मांडीवरची असेल. ज्या अवयवाने आपणां सर्वांना पहिले अन्न दिले, त्याचे नाव घेण्यात कसली लाज? शाळेत भूगोलाच्या तासाला जसे आपण कृष्णा म्हणतो, गोदावरी म्हणतो, तसे डॉक्टरसमोर 'स्तन' म्हणावे, मोठ्याने म्हणावे, आणि मुलाने आपल्या आईबद्दल बोलतानाही म्हणावे.

ही लाज काही आमचीच मिरासदारी नाही. इराणची राणी अटोसा हिच्या स्तनावर गाठ आली, तेव्हा लहान होती तोवर तिने ती लाजेने लपवली आणि वाढून चिघळल्यावरच डेमोसीडीस नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावले, असे हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आणि फसवणूक अडाणी बाईचीच होते असेही नाही. 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहून कीटकनाशकांविरुद्ध साऱ्या जगाला जागे करणारी रेचल कार्सन ही स्वतः जीवशास्त्रज्ञ. १९६० साली तिचा स्तन काढला, पण गाठ कॅन्सरची होती हे शल्यवैद्याने तिला सरळ सांगितले नाही. वर्ष संपता संपता तिला दुसऱ्या डॉक्टरकडून खरे कळले, तोवर रोग पसरला होता. १९६४ साली ती गेली. जगाला सत्य सांगणाऱ्या बाईला तिच्याच शरीराचे सत्य कोणी सांगितले नाही!

आता माझ्यावर जे आक्षेप घेतले जातील, ते मीच मांडते.

पहिला आक्षेप: धक्का बसेल. बसेलच. पण धक्का बसून माणूस सावरतो. अंधारात ठेवलेला माणूस सावरणार कशाच्या आधाराने? शिवाय ज्या बाईने बाळंतपणे सोसली, घरातली मरणे पाहिली, कर्ते माणूस गेल्यावर संसार ओढला, ती एका शब्दाने मोडून पडेल हे तुम्ही कशावरून ठरवले? माझा अनुभव असा की तो शब्द ऐकायला घरातले पुरुषच जास्त भितात, आणि आपली भीती तिच्या नावावर खपवतात. कायद्याचे म्हणाल, तर आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की सज्ञान आणि शुद्धीत येऊ शकणाऱ्या रोग्याच्या वतीने तिच्या आईनेही दिलेली संमती चालणार नाही. उपचाराला संमती द्यायची ती रोग्यानेच, आणि तीही पुरेशी माहिती मिळाल्यावर. आईची चालत नाही, तिथे मुलाची आणि दिराची काय कथा?

दुसरा आक्षेप: असे सांगितले तर बायका प्रत्येक दुखण्याला कॅन्सर समजून बसतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. उतारवयातल्या बाईला अंधुक दिसते ते बहुधा मोतीबिंदूने. भूक मरते ती बहुधा पित्ताने. हनुवटी बधिर होते ती पुष्कळदा दातांपायी. मी वर्णन केलेल्या जागा विरळा आहेत, म्हणून तर त्या चुकतात. मी कोणाला घाबरायला सांगत नाही. दरवर्षी सगळे अंग यंत्रात घालून तपासा, असेही मी सांगत नाही. तक्रार काहीच नसताना अशा वारंवार तपासण्या केल्याने आयुष्य वाढत नाही, हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. मग उरते काय? तर तक्रार आली की ती नीट ऐकणे, आणि ऐकणाऱ्याला पूर्वीची हकीकत ठाऊक असणे. मी मागते आहे ते फक्त एक वाक्य. "मला अमुक साली स्तनाचा कॅन्सर झाला होता." ह्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

तिसरा आक्षेप: पाच वर्षे झाली, आता काय राहिले? ही पाच वर्षांची सीमा कोणी आखली कोण जाणे, पण आमच्याकडे पाच वर्षे पुरी झाली की सत्यनारायण होतो आणि फाइल माळ्यावर जाते. सत्यनारायण जरूर करा. फाइल मात्र खाली ठेवा. ज्यांच्या कॅन्सरला संप्रेरकांची भूक असते, अशा ६२,९२३ स्त्रियांचा पाच वर्षांच्या गोळ्यांनंतरचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत रोग परत येण्याचे प्रमाण थांबले नाही, एकसारखे चालूच राहिले. गाठ लहान आणि काखेत काहीही नव्हते, अशा स्त्रियांतही त्या पंधरा वर्षांत शंभरात तेरा जणींना रोग दूरच्या अवयवात आला. गाठ मोठी आणि काखेतल्या चार ते नऊ ग्रंथींत रोग होता, अशांत शंभरात एक्केचाळीस जणींना. उलट बाजूनेही वाचा: पहिल्या गटातल्या शंभरात सत्त्याऐंशी जणींना तसे झाले नाही. तेव्हा झोप उडवून घेण्याचे कारण नाही. पण वीस वर्षांनी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना ती जुनी गोष्ट 'आता कशाला' म्हणून गिळून टाकण्याचेही कारण नाही. सुश्रुतासारख्या आपल्या जुन्या वैद्यालाही ठाऊक होते की अर्बुदाचा शेष राहिला तर ते पुन्हा उद्भवते, आणि एका अर्बुदावर दुसरे उठते त्याला त्याने 'अध्यर्बुद' असे वेगळे नाव दिले. ज्यांना प्राचीन शास्त्राचा अभिमान आहे, त्यांनी निदान एवढे तरी त्यातून घ्यावे.

चौथा आक्षेप वाड्यातल्या आणि चाळीतल्या शहाण्यांचा: सुई टोचली, चाकू लावला, की कॅन्सर पसरतो. सुईने तुकडा काढल्यामुळे रोग शरीरभर पसरतो, ह्याला आधार नाही. पसरायचा तो सुईची वाट पाहत थांबत नाही. सुईवाचून रोगाचे नाव कळत नाही, नाव कळल्यावाचून औषध ठरत नाही. सुई टाळून काढ्यांत आणि अंगाऱ्यांत घालवलेल्या महिन्यांनी मात्र रोगाला भरपूर अवकाश मिळतो, आणि मग शहाणे म्हणायला मोकळे, "पाहा, चाकू लावला आणि पसरला!"

पाचवा आक्षेप सर्वांत करुण आहे: पसरला म्हणजे संपलेच, मग कुठून आला हे कळून उपयोग काय? इथे मी खोटी आशा विकणार नाही. दूर पसरलेला स्तनाचा कॅन्सर मुळासकट जाणे फार विरळा. पण मुळासकट न जाणारे मधुमेहासारखे कितीतरी रोग आपण वर्षानुवर्षे सांभाळतोच की. नेमके कूळ कळले तर संप्रेरकांना रोखणाऱ्या गोळ्या आहेत. १९९८ पासून एका विशिष्ट जातीच्या कॅन्सरावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब आहे. २०१५ नंतर पेशींच्या वाढीचे चक्र अडवणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत. महाग आहेत, सगळ्यांना मिळत नाहीत, हे दुःख वेगळे आणि त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. पण कित्येक जणींना ह्या औषधांनी वर्षे मिळतात. चुकीच्या नावाने काढलेले जठर कोणत्याच औषधाने परत येत नाही.

दोष सगळा घरच्यांच्या माथी मारून मी माझ्या व्यवसायबंधूंना सोडणार नाही. बाई समोर बसलेली असताना तिच्या डोक्यावरून नवऱ्याशी बोलणारे डॉक्टर मी कमी पाहिले नाहीत. 'आधी काही आजार?' असा सवाल फेकायचा आणि उत्तर यायच्या आत पुढचा रोगी बोलवायचा, ह्याला इतिहास घेणे म्हणत नाहीत. डोळ्याचा डॉक्टर फक्त डोळा पाहतो, दातांचा फक्त दात. बाई मात्र अखंड असते. चाळिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीला, मग ती कशासाठीही आलेली असो, 'स्तनाचा काही आजार, काही ऑपरेशन?' एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते. आणि चिठ्ठीवर दोन ओळींऐवजी तीन ओळी लिहायला तितकेच.

मोकळेपणाने बोलले तर काय होते, ह्याचा दाखला आमच्या मुंबईतच आहे. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. त्यात १,५१,५३८ स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांत, प्रशिक्षण दिलेल्या स्त्री आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन हाताने स्तन तपासत आणि माहिती देत. वीस वर्षांनंतर, २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग आधीच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट ही की, दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे आडोशाला साडी बांधावी लागते, तिथे हजारो बायका दुसऱ्या बाईशी ह्या अवयवाबद्दल बोलल्या. ज्यांना आम्ही अडाणी म्हणतो त्या बोलल्या. मग आमच्या तीन खोल्यांच्या सुशिक्षित ब्लॉकमध्येच एवढी कुजबुज का?

तेव्हा वाचकहो, ह्या दिवाळीत एक काम करा. घरात ज्या बाईला हा रोग होऊन गेला आहे, तिची फाइल कुलपातून काढून तिच्या हाती द्या. गाठीचा रिपोर्ट, तिची जात, संप्रेरकांची तपासणी, कोणत्या साली काय उपचार झाले, हे एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहा. तो कागद रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक जिथे असते तिथे ठेवा आणि एक प्रत तिच्या पिशवीत असू द्या. डोळ्याचा असो, दाताचा असो, कातडीचा असो, पोटाचा असो, कोणत्याही डॉक्टरकडे गेली की तिने तो आधी पुढे करावा. दोन-तीन आठवडे न हटणारी कोणतीही नवी तक्रार असेल, तर 'ह्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?' असे तिनेच विचारावे. आणि जिला अजून सांगितलेलेच नाही, तिला सांगा. एकटीला गाठून नको, घाईत नको. जवळ बसून, तिच्या भाषेत, आणि तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर देऊन. पुष्कळदा तुम्हांला आढळेल की तिला ते आधीच माहीत होते, आणि तुम्ही बोलावे म्हणून ती वाट पाहत होती.

रोग तिच्या शरीरातला आहे. त्याची हकीकतही तिचीच आहे. दुसऱ्याची वस्तू कुलपात ठेवून घेणाऱ्याला आपण व्यवहारात जे नाव देतो, ते इथे मी लिहीत नाही. सणाचे दिवस आहेत. तुम्ही ती मुकाट्याने परत करावी, एवढेच म्हणते.